पानाच्या डोक्यावरचं नाव

आता जे लिहिणार आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. एका सकाळी मी कॉम्प्युटरवर एका पानाची पहिली ओळ निवडली आणि पुसली. त्या ओळीत माझ्या सख्ख्या बहिणीचं नाव होतं. त्याला एक बोट पुरलं. तासाभराने मी आणखी एक गोष्ट केली, ती तोंडाने केली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. ती आधी सांगून टाकावी असं वाटतं खरं, पण तिच्या आधीचं घर सांगितल्याशिवाय ती नुसती दोन शब्दांची गोष्ट वाटेल. होतीही दोनच शब्दांची.

आमचं घर कोपरीला, कोळीवाड्याच्या खाडीकडच्या टोकाला. दोन खोल्या आणि पुढे ओटा. ओटा घरापेक्षा मोठा वाटायचा, कारण सगळं तिथेच चालायचं: बाचं जाळं, आईच्या पाट्या, सुकत घातलेला जवळा, आणि त्यावर राखण करत बसलेले आम्ही. सकाळी पहिला आवाज कोंबड्यांचा, दुसरा आईचा. ती बाजारात निघायच्या आधी मासळीच्या पाटीवर पाणी मारायची आणि त्या पाण्याबरोबर कुणाला ना कुणाला तरी एक शिवी मारायची, बहुतेक मला. दुपारी शेजारच्या घरात मसाला कुटायला बायका जमल्या की आमच्या भिंतीवरच्या तसबिरी हलायच्या आणि सगळी आळी शिंकायची. खाडी तेव्हा संपत आलेली. बा सांगायचा की त्याच्या लहानपणी होडी किनाऱ्यापासून हाक मारायच्या अंतरावर गेली तरी पाटी भरायची. आमच्या वेळेला निवट्या तेवढ्या मिळायच्या, चिखलातल्या, आणि कधीकधी जाळ्यात आलेल्या मासळीला रॉकेलचा वास यायचा. आई मग मुंबईच्या धक्क्यावरून मासळी आणून विकायची. खाडीच्या काठावर राहून विकतची मासळी विकायची याची तिला शरम वाटायची, आणि गिऱ्हाइकाने "खाडीची आहे ना?" विचारलं की ती काही न बोलता मासा कापायला घ्यायची. घरातलं न बोलणं मी तिच्याकडून उचललं असावं. तिचं मात्र कुणाच्या मुळावर आलं नाही.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. नाव वासंती, पण आई तिला बाय म्हणायची आणि बा तर नुसतं "पोरी". टायपिंगच्या परीक्षा तिने दोन्ही भाषांत काढलेल्या. बोटं अशी चालायची की समोरचा तिच्याकडे बघत नसे, बोटांकडेच बघे. घरात पाटीभर जिवंत खेकडे, म्हणजे आमच्या चिंबोऱ्या, आल्या तरी त्यांच्या नांग्यांना, डेंग्यांना, दोरा बांधायचं काम तिचंच, कारण एकदाही चावून न घेता ती ते करायची. पुढे नौपाड्यातल्या एका कॉम्प्युटर क्लासात तिने नाव घातलं. वेब डिझाइन हा शब्द आमच्या आळीत पहिल्यांदा तिच्या तोंडून आला. आईने विचारलं, "म्हंजे कं करतान त्यात?" ताई म्हणाली, "पानं बनवतात, आये. जगात कुठूनही उघडतात." आई म्हणाली, "आमचा दार धड उघडत नाय पावसात. तो शिक आदी."

क्लासात मशिनं थोडी आणि मुलं फार. एकेकाला आठवड्यातून दोनदा अर्धा अर्धा तास मिळायचा. म्हणून ताई पानं घरी बनवायची, गणिताच्या चौकटीच्या वहीत, पेन्सिलीने. आता हे सांगितलं की माझ्या हाताखालची मुलं हसतात. पण तेव्हा वेबचं पान म्हणजे चौकटीत चौकट, त्या चौकटीत आणखी चौकट. टेबल म्हणायचे त्याला. एका खणात चित्र, एका खणात मजकूर, आणि मधे जागा राहावी म्हणून न दिसणारं एक टिचभर चित्र. ती आधी वहीच्या डाव्या पानावर पान कसं दिसेल ते आखायची, मग उजव्या पानावर त्याचे टॅग, म्हणजे कॉम्प्युटरला कळणाऱ्या खुणा, लिहायची, एकेक ओळ दोन-दोन घरं आत सरकवत. तिचा एकच नियम होता. चौकट उघडायचा टॅग लिहिला की लगेच खाली, जागा सोडून, तिचा मिटायचा टॅग लिहून ठेवायचा आणि मग मधलं भरायचं. "उघडलंस तर मिटायचं, अरू," ती मला सांगायची. "आधी मिटायचं ठरव, मग उघड." आई येताजाता बघायची आणि म्हणायची, "कागदावर कॉम्पूटर चालवतंय माझी पोर. उद्या कागदावर मासली तलशील गो!"

ती वही म्हणजे तिची धडपड होती, आणि त्या धडपडीला मुदत होती. कल्याणचं एक स्थळ आलेलं. सुक्या मासळीचा घाऊक धंदा, मुलगा निर्व्यसनी, घर मोठं. नाव ठेवायला जागा नव्हती आणि ताईला नको होतं. तिला नोकरी हवी होती. दोन ठिकाणी ती जाऊन आलेली. एका ठिकाणी इंग्रजीत बोलायला लावलं, दुसऱ्या ठिकाणी पत्ता विचारला आणि कळवतो म्हणाले. शेवटी ती बापुढे ओट्यावर जाऊन बसली. पावसाळा लागलेला, होड्या वर ओढलेल्या, बा जाळं शिवत होता. म्हणाली, "बा, मला नोकरी लागली तर?" बाने सुई थांबवली नाही. एक गाठ मारून म्हणाला, "नारली पुनवेपरत लागली तर त्या लोकांना मी नाय सांगन. नाय लागली तर तू नाय बोलू नुको." ताईने मान हलवली. तो सौदा माझ्यासमोर झाला. मला माहीत नव्हतं असं मी कधीही म्हणू शकणार नाही.

नोकरी आली, पण ती मला. काकांच्या ओळखीने माजिवड्याला एका लहानशा ऑफिसात माणूस हवा होता. हार्डवेअरच्या दुकानावर दोन खोल्या, तीन मशिनं, आणि दुकानाशी सामाईक फोनलाइन. आमचं कनेक्शन चालू असताना खालच्या दुकानदाराने फोन उचलला की आमचं तुटायचं आणि तो जिन्यातून ओरडायचा, "अरे, ही किटकिट बंद करा रे, मला नळाची ऑर्डर द्यायचीय!" काका चिठ्ठी घेऊन आले आणि म्हणाले, "पोराला लावा." ताई तिथेच तांदूळ निवडत होती. तिचं नाव काकांच्या डोक्यातच आलं नाही, आणि ते माझ्या डोक्यात आलं तरी मी बोललो नाही. मी तेव्हा कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला दोन विषय घेऊन लटकलेलो. बोलण्यात पटाईत, बाकी शून्य. ताईने आठ दिवस मला ओट्यावर बसवून शिकवलं. रागावली नाही, टोमणा मारला नाही. एवढंच म्हणाली, "तू आत गेलास की बघ, माझ्यासाठी पण जागा निघेल." मी म्हटलं, "निघेल की, ताई. मीच सांगीन सरांना."

दिवेकर सर म्हणजे मालक. पस्तिशीतले, पुणेरी बोलणारे, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत नीट दुमडलेल्या. वाईट माणूस नव्हता, हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे जे झालं त्याचा थोडा भार कुणावर तरी टाकावा असा मोह मला इतकी वर्षं होत आलाय. तेव्हा पानं बघायचे दोन ब्राउझर जोरात होते. एकाच्या खुणेत निळा ई, दुसऱ्याच्या खुणेत जहाजाचं सुकाणू. दोघांचं आपसात पटत नसे. एकात सरळ दिसणारं पान दुसऱ्यात तिरकं व्हायचं. नियम लिहिलेले होते, पण ज्याचे त्याचे लाड वेगळे. सर म्हणायचे, "एक दिवस सगळ्यांना एकच नियम पाळावा लागेल. तोवर आपणच दोन्हीकडे तपासायचं." म्हणायचे, पण आमच्याकडे होता फक्त निळा ई.

माझं पहिलं मोठं काम डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्याचं. कापडाचे रंग, परदेशात जाणारे. मी आठ पानं बनवली. निळ्या ई-मध्ये ती छान दिसली, सरांनी पाठ थोपटली, शेठने पेढे पाठवले. पंधरा दिवसांनी शेठ स्वतः जिना चढून आले. घामाघूम, हातात कागद. "दिवेकर, माझा जर्मनीचा गिऱ्हाईक लिहितोय, तुमचं पान उघडतंय पण कोरं आहे. नुसतं पांढरं! अरे, मी काय पांढरा रंग विकतो का?" मला हसू आलं आणि सरांनी ते पाहिलं. एका मासिकाबरोबर फुकट आलेली सीडी शोधून त्यांनी सुकाणूवाला ब्राउझर मशिनवर चढवला आणि आमचं पान उघडलं. शेठ खरं बोलत होते. एक अक्षर नाही, एक रेघ नाही. मी शहाणपणा केला. म्हटलं, "सर, खाली एक ओळ टाकूया ना, 'हे पान निळ्या ई-मध्येच बघावे'. सगळे टाकतात." सर म्हणाले, "म्हणजे गिऱ्हाइकाला सांगायचं, आमच्या दुकानात यायचं तर आमच्याच चपला घालून या?" मग शेठ गेल्यावर शांतपणे म्हणाले, "सोमवारी सकाळी मी येईन तेव्हा हे दोन्हीकडे दिसलं पाहिजे. नाहीतर तू येऊ नकोस, अरुण. मला परवडणार नाही."

मी पहिल्या पानाचा सगळा कोड छापून घेतला. बाकीची सात मी त्यावरूनच उतरवलेली, तेव्हा हे सुधारलं की तीही सुधारता येणार होती. तेव्हाचा तो कडेला भोकं असलेला सलग कागद, घडी घातलेली लांबच लांब पट्टी. घरी आणून ओट्यावर टाकला आणि ताईसमोर बसलो.  तिने पट्टी ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरली, चारी बाजूंना बाचे जाळ्याचे शिशाचे गोळे ठेवले, आणि गुडघ्यांवर रांगत दोन रंगांच्या पेन्सिली घेऊन वाचायला लागली. उघडलेल्या चौकटीला लाल टिंब, मिटलेल्या चौकटीला निळं. बा पलीकडे जाळं शिवत बसलेला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "ह्यो कसला जाल्याचा प्रकार?" ताई न बघता म्हणाली, "मधला आस सुटलाय, बा. कुठला ते शोधते." आस म्हणजे जाळ्याचं एक घर, दोन गाठींमधलं. बा म्हणाला, "मंग कडेशी सुरू कर. मधून नुको शोधू." आणि ती खरंच उठली, कडेशी गेली, आणि परत पहिल्यापासून सुरू केलं.

"चौदा उघडलेत तू," दुपारी ती म्हणाली. "मिटलेत अकरा."

"पण निळ्यात तर दिसतं, ताई."

"तो समजून घेतो. तू विसरलास तरी तो मनाने मिटवतो. आणि दुसरा हट्टी आहे. टेबल मिटल्याची खूण येईपर्यंत तो तुला काही दाखवणारच नाही. आमच्या क्लासातल्या सरांनी सांगितलेलं." मग डोळे मिचकावत म्हणाली, "एक आईसारखा, एक बासारखा."

तीन मिटायचे टॅग घालून भागलं असतं. तिला ते पटलं नाही. माझं लिहिणं कसंही होतं, एका खणात दुसऱ्याचं घुसलेलं. शनिवारी आणि रविवारी बसून तिने ते पान वहीत नव्याने लिहून काढलं. चौदा टेबलांची पाच झाली. पाऊस ओट्यावर यायला लागला की आम्ही वही घेऊन आत, थांबला की बाहेर. आईने भाकरी थापता थापता दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा ताट आणून वहीशेजारी आपटलं. "खा आदी. त्या जर्मनवाल्याचा पोट भरलेला हाय." मधे मधे ताईने माझ्यासाठी सूचना लिहिल्या. टॅगच्या भाषेत एक सोय असते: खुणेत बांधून लिहिलेला मजकूर पानावर दिसत नाही, पण कुणी मेनूत जाऊन पानाचा सोर्स, म्हणजे त्यामागचं टॅगांचं लिखाण, उघडला तर तो तिथे असतो. तेव्हा सगळे असेच शिकायचे, लोकांच्या पानांचे सोर्स उघडून. ताईने एका अवघड टेबलाच्या डोक्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं: इथे हात लावू नको, अरू. आणि अगदी वर, पानाची पहिली ओळ म्हणून, क्लासात शिकवलेलं तसं: बनवणार, वासंती नाखवा, कोपरी, ठाणे.

"हे राहू दे हां," ती म्हणाली. "दिसत नाही कुणाला. पण तुझे सर सोर्स बघतातच ना? विचारतील कोण ही. तेव्हा सांग." नारळी पौर्णिमेला तेव्हा तीन आठवडे राहिलेले.

सोमवारी मी सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचलेलो. वही मांडीवर घेऊन अक्षर न् अक्षर टाइप केलं, तिचं नावही केलं, हे मला सांगितलं पाहिजे. पान आधी निळ्यात उघडलं, मग सुकाणूवाल्यात. दोन्हीकडे एकसारखं. चित्रं आपल्या जागी, रंगांची नावं एका रेषेत. मला रडू यायचं बाकी होतं. मग मी सोर्स उघडला, जसा सर उघडतील तसा, आणि पहिल्याच ओळीत ते नाव. त्या क्षणी माझ्या मनात काय होतं ते मी नंतर पुष्कळ सजवून पाहिलंय. भीती होती, नोकरी जाईल ही. घरात माझा पगार लागत होता हेही खरं. पण खरं कारण यापेक्षा लहान आहे. मला वाटलं, सर म्हणतील, मग तू काय केलंस? मी ओळ निवडली आणि पुसली. खालची, माझ्या नावाची, राहिली. ती मला दिसलीच नाही. स्वतःचं नाव माणसाला खटकत नाही.

सर आले. दोन्हीकडे पान बघितलं. मग अपेक्षेप्रमाणे सोर्स उघडला आणि खुर्ची पुढे ओढून वाचायला लागले, एखादं पत्र वाचावं तसं. "अरे, हे कसलं स्वच्छ लिहिलंयस! तू?" मी काही बोललो नाही. खाली जाता जाता ते थांबले आणि हसले. "'इथे हात लावू नको, अरू.' हे कोण सांगतंय तुला?"

"मीच, सर. स्वतःलाच लिहून ठेवतो."

ते आणखी हसले. मग मागे रेलले आणि म्हणाले, "हे बघ, शेठ आणखी दोन कारखाने आणतायत. मला अजून एक माणूस लागणारच आहे. असं लिहिणारं कुणी आहे का तुझ्या ओळखीत? मुलगी असली तरी चालेल, उलट बरंच."

त्यांनी ते सहज विचारलं. मुलगी असली तरी चालेल, हे त्यांनी आपणहून म्हटलं. मी खिडकीतून खाली हार्डवेअरवाल्याचे लटकवलेले पाइप बघत होतो. तिचं नाव घेतलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी येऊन बसली असती, आणि पहिल्या तासात सरांना कळलं असतं की ते पान कुणाचं. मी म्हणालो, "नाही, सर."

त्या संध्याकाळी माझी नोकरी वाचली म्हणून आईने चिंबोऱ्यांचं कालवण केलं. ताई माझ्या शेजारी बसलेली. पाट्याच्या वरवंट्याने डेंगा फोडून आतलं पांढरं मांस तिने अख्खं बाहेर काढलं, तुटू न देता, आणि माझ्या ताटात ठेवलं. ते ती लहानपणापासून करायची. मग हळूच विचारलं, "नाव बघितलं सरांनी?"

"त्यांनी काढायला लावलं, ताई. कंपनीचं पान आहे, आत कुणाची नावंबिवं चालत नाहीत म्हणाले. काहीच लिहायचं नाही."

"असं होय. आणि जागेचं?"

"सध्या नाही म्हणाले."

ती "बरं" म्हणाली. नुसतं "बरं" म्हणून तिने दुसरा डेंगा उचलला. मी ताटातलं ते मांस खाल्लं. गोड होतं. त्यानंतर मी चिंबोरी खाल्लेली नाही. घरात विचारतात तेव्हा पित्त होतं म्हणून सांगतो.

नारळी पौर्णिमेला आळी सजली. बायका नेसून, अंगभर सोनं घालून खाडीकडे निघाल्या, बँड पुढे. बाने नारळ पाण्यात सोडला. परत येताना तो ताईकडे न बघता म्हणाला, "पोरी, मी त्या लोकांना हो कळवतो." ताईने दिलेला शब्द पाळला, नाही म्हणाली नाही. हळदीच्या दिवशी आईच रडली. मी मांडव घातला, पाहुण्यांना सरबत दिलं, सगळी कामं केली. लोक म्हणाले, भाऊ असावा तर असा.

भावजी चांगले निघाले, हेही सांगायला हवं. ताईने कल्याणच्या बाजारातला धंदा पाहता पाहता हातात घेतला. सुकट, बोंबील, वाकट्या, सगळ्यांचे ढीग तिच्या नजरेखाली. मी भाऊबिजेला गेलो की गोण्यांच्या थप्प्यांतून वाट काढत वर जायचो. लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीत तिने ओवाळलं, निरांजन खाली ठेवलं आणि म्हणाली, "पान बघितलं तुझं. इथे स्टेशनजवळ सायबर कॅफे निघालाय, तिथे गेलेले. दोन्ही ब्राउझर आहेत त्याच्याकडे. दोन्हीत नीट उघडतं."

मी म्हटलं, "तुझंच आहे ते, ताई."

"सोर्स पण बघितला," ती म्हणाली. ताम्हनातली सुपारी तिने उगाच सरळ केली. "माझी ती खालची ओळ ठेवलीस. 'हात लावू नको, अरू.' बरं केलंस."

बाकी काही नाही. आतून भावजींनी हाक मारली, ती करंज्या आणायला उठली. मी पाटावर बसून राहिलो. काहीच लिहायचं नाही असं जर सर म्हणाले असते तर ती ओळही गेली असती. हे तिला त्या कॅफेत, त्या खुर्चीत, पहिल्या नजरेत कळलं असणार. चौदा आणि अकरा मोजणारी बाई ती. तिने परत तो विषय काढला नाही. त्यानंतर तिने कॉम्प्युटरलाही, मला माहीत आहे तेवढं, हात लावला नाही. आज फोनवर नातवंडांचे फोटो बघते तेवढंच.

मी त्याच धंद्यात राहिलो. टेबलांची पानं गेली, सुकाणूवाला बुडाला, सर म्हणायचे तसा एकच नियम बऱ्यापैकी आला. आज माझ्या हाताखाली मुलं-मुली आहेत, आणि त्यांना मी पहिल्या दिवशी सांगतो, उघडायच्या आधी मिटायचं ठरवा. मुलं लिहून घेतात. कुणाचं वाक्य ते मी सांगत नाही. रंगाचा तो कारखाना कधीच बंद झाला, त्याचं पानही जगात कुठे राहिलेलं नाही. नाव परत लिहायचं म्हटलं तरी लिहायला जागा नाही. वहीचं म्हणाल तर ती घरीच राहिलेली, आणि आईला वाचता येत नव्हतं. एका पावसाळ्यात तिने तिची पानं सुकट बांधायला वापरली. मला एक पान सापडलं, तेलकट डागाचं, आखलेल्या चौकटींचं. ते माझ्या कपाटात आहे. सुकटीचा वास अजून गेलेला नाही.

नावाचं ताईला कळलं आहे. तिने ते पोटात घातलं, आणि मी ते तिथेच राहू दिलं. पण जागा होती, हे तिला माहीत नाही. सरांनी विचारलं होतं, मुलगी असली तरी चालेल म्हणाले होते, पौर्णिमेला तीन आठवडे होते, आणि मी नाही म्हणालो. ती आजही समजून आहे की तिचं नशीब नव्हतं. भाऊबिजेला मी दरवर्षी जातो, साडी देतो, जेवतो, निघतो. कल्याण काही लांब नाही. तिला समोर बसवून हे एवढं तोंडाने सांगणं मी देणं लागतो. अजून दिलेलं नाही.